खाणीतली गाडी मोरा बंदरात

मिथुन : तीनशे घोडे आहेत माझ्या ट्रकच्या इंजिनात, मनस्वी. तुमच्या डब्यात दीडशे. बोल आता.

मनस्वी : शर्यत असती तर गप्प बसले असते, मिथुनदादा. इथं गोजराआत्याची होडी चिखलातून वर काढायची आहे. होडीला कसली आलीय घाई?

पंढरी : मनू, पुरे. आत्यानं मिथुनला बोलावलाय, तो ओढंल. आपली गारी उद्या भंगारवाला नेनार. तुज्या बापानं सबूद दिलाय.

मनस्वी : बाबा, सबूद तुम्ही दिलात, कारण दादा म्हणाला या गाडीत दम नाही. मग आज दम बघू. आपल्या गाडीनं होडी वर आणली, तर भंगारवाला आल्या पावली परत.

मिथुन : आणि नाही आणली तर?

मनस्वी : तर त्याला चहा मी करून देईन.

मिथुन : काका, हिला दहावीत घातलंय की गॅरेजात? अगं, ओढायला टॉर्क लागतो, चाक फिरवायचा जोर. माझ्या इंजिनाचा नऊशे, तुमचा पाचशे. खल्लास.

मनस्वी : इंजिनाचा ना? पण होडी ओढतं ते चाक. मधले गिअर तो जोर वाढवत नेतात. पहिल्या गिअरला तुझ्या चाकापर्यंत तो एकोणतीस पट होतो, आमच्या त्रेसष्ट पट. कर गुणाकार.

मिथुन : कुठल्या मोबाइलवर वाचलंस?

मनस्वी : सीटखालच्या पुस्तकात. पानापानावर बाबांच्या अंगठ्याचं ऑइल आहे.

पंढरी : खरा हाय ते. तुर्भ्याच्या खानीतून दगर वर आनायचा, म्हनून मुद्दाम तसली गारी घेतली व्हती. मीच इसरलो.

मिथुन : खाण बंद होऊन किती वर्षं झाली, काका. बघाच तुम्ही. बांधा दोर.

(मिथुनच्या ट्रकची मागची चाकं जागच्या जागी गरगरतात. चिखल आत्याच्या लुगड्यापर्यंत उडतो. होडी तिथंच.)

पंढरी : थांबव रे! चाका निम्मी चिखलात रुतली.

मिथुन : जोर कमी नाही पडला. गाडी रिकामी आहे, म्हणून घसरते. तुमची पण घसरणार.

मनस्वी : घसरेल. म्हणून ती रिकामी न्यायचीच नाही. बाबा, दोर आपल्या गाडीला बांधा. आत्याला आणि जमलेल्या गावाला सांगा, दोर कुणी ओढायचा नाही. ओली जाळी घ्या आणि सगळे आपल्या गाडीत मागं चढा.

पंढरी : येरी का तू? आज्यापासून सगला गाव दोर ओढतो, तवा होडी वर येते.

मनस्वी : यंदा गाव वजन देईल. चाकांवर बसून.

पंढरी : आत्या म्हनते, गारीत चरते, पन माझा वजन कुनी इचारायचा नाय.

मनस्वी : नाही विचारत. बाबा, पहिला गिअर. रेस करू नका, क्लच हळूहळू सोडा.

पंढरी : दोर तानला... हालली का?

मनस्वी : मागं बघू नका. चला.

पंढरी : मनू, हालली का ते सांग.

मनस्वी : बाबा, थांबा आता. होडी वर आली, पार नारळ फोडायच्या दगडापाशी.

पंढरी : भंगारवाल्याचा नंबर लाव. मीच बोलतो.

मिथुन : मनस्वी.

मनस्वी : काय, दादा?

मिथुन : माझ्या गाडीला दोर कुठं बांधायचा?