इवाईले दरी पाहाची होती

...नाई, मले सांगा, दरीत असते तरी का? वर गोटे, खाली गोटे, मंधात आणखी गोटे, अन् ते पाहाले माणसानं सकाळच्या पारी उठून, सायकल रेटत, घामाघूम होत डोंगर चढाचा... काऊन? तं म्हणे, "निसर्ग आहे, सोमाजीभाऊ, निसर्ग!" अरे, निसर्ग माझ्या घरामांगं बी हाय ना बापा! वैनगंगा हाय, तलाव हाय, चिंचेखाली बाज टाकली हाय, बस ना तिच्यावर अन् पाह्य दिवसभर! पण असं बोलता येते का? नाई! म्हणणारा कोण? माझा इवाई, पोरीचा सासरा. अन् पोरीकडचा ना मी!

तुम्हाले सांगतो, बापूरावभाऊ माणूस वाईट नाई. नागपूरले साफसफाईच्या खात्यात साहेब होते, उभा जन्म दुसऱ्यायचा कचरा उचलवण्यात गेला. रिटायर झाले अन् पोरानं, म्हणजे आमच्या जवाईबापूनं, त्यायले गेरची सायकल घेऊन देल्ली. झालं! बसच्या टपावर सायकल टाकून गडचिरोलीले उतरले, तिथून चालवत आमच्या दारात. डोक्यावर कवटीसारखा टोप, डोळ्यावर काळा चष्मा, अन् खाली चड्डी... का सांगू तुम्हाले, इतकी घट्ट का आमची घरवाली गोकुळा पाण्याचा गडवा घेऊन बाहेर आली, अन् पदर डोळ्यावर ओढून उलट्या पायी आत गेली. मंग पाणी मीच देल्लं.

आता बोलावलं आम्हीच, हे खरं हाय. आमची पोट्टी साधना पोटुशी हाय, सातवा सरत आला, अन् पयलं बाळंतपण माहेरीच होते, हे का आता मी सांगावं? पण सासऱ्यानं हो म्हणाले पाह्यजे ना! म्हणून पाहुणचार. तलावातली मोठी मरळ काढवली, रस्सा केला, गोकुळा दाराआडून डोळे वटारून राह्यली, विचारा, विचारा! मी घसा खाकरला, म्हटलं, "भाऊ, ते आपल्या साधनाचं..." तं बोटं चाटत म्हणतात कसे, "होईल हो ते! आधी सकाळी ती मागची टेकडी पाहून येऊ."

पाह्यली टेकडी. परतून आलो, विषय काढला. "होईल हो! त्या टेकडीवरून एक दुसरी टेकडी दिसली ना, ती राहिली." अरे, टेकडीवरून टेकडी दिसणारच ना, आमचा मुलुखच तसा हाय! असं किती दिवस चालाचं? मी म्हटलं, भाऊ, मार्कंड्याले चला, देवळं पाहू, बसनं जाऊ, बसनं येऊ. "वा वा, जाऊ! पण पायी." पायी! मी मासोळीवाला माणूस. अन् जाळं बी आता पोट्टे टाकतात, मी काठावर बसून डाव्या हातानं उजवीकडं दाखवतो, तेवढाच माझा व्यायाम! चिंचेच्या बाजेपासून तलावापर्यंत जातो तं मंधात एकदा बसतो. पण बोलता येते का? नाई! पोरीकडचा ना मी!

बरं, चालून आल्यावर तं सुखानं चहा प्यावा? तं हा गृहस्थ गोकुळाले म्हणते, "वहिनी, मला बिनसाखरेचा. अन् सोमाजीभाऊंनाही तसाच द्या." माझ्या घरात, माझ्या कपात, माझी साखर बंद! तुम्हाले तिच्यायले राग नसता आला? मले आला. गिळला, फिक्क्या चहासंगं.

अन् मंग ती दरी! कोणीतरी मेल्यानं सांगितलं, मुलचेऱ्याकडच्या डोंगरात अशी दरी हाय, तशी दरी हाय, वरून पाह्यलं का डोळे फिरतात. माझे तं खालूनच फिरले. गोकुळा म्हणते, "जा जी, आज हो म्हणतीन." निघालो. ते गेरच्या सायकलवर, मी आपल्या त्या सायकलवर जिले ब्रेक नाई, घंटी नाई, फक्त आवाज हाय. वाट कसली, पाऊलवाट! उतरून रेटावी लागे. अन् इवाई हरएक झाडापाशी उभे राहून फोटो काढून राह्यले. म्हणतात, "तुम्ही व्हा पुढं, मी येतोच मागून."

म्हटलं, ठीक. आता आमच्या जंगलात रीत हाय, लेकरायले बी ठाऊक हाय. वाट फुटली का ज्या वाटेनं जायचं नाई तिच्यावर हिरवा डहाळा तोडून आडवा टाकायचा. मांगून येणारा समजते, इकडं नाई, तिकडं. मी बी टाकला. चांगला पानाचा, डोळ्यात भरणारा डहाळा. अन् गेलो बरोबर वाटेनं, दरीच्या काठावर जाऊन बसलो. पाह्यली दरी. मी सांगितलं ना, गोटे.

बसलो. बसलो. बसूनच राह्यलो. इवाई येईना! आता येतीन, मंग येतीन... उठलो, पळत मांगं गेलो, हो, पळत, मी! फाट्यावर पाह्यतो तं माझा डहाळा कुठी? उचलून, पानं झटकून, झाडाच्या बुडाशी नीट ठेवलेला! अन् गेरच्या चाकाचा वण भलत्याच वाटेवर! उभा जन्म रस्ते साफ करवले ना त्या माणसानं, त्याले वाटेत काडी दिसली का हात शिवशिवते. कचरा समजून उचलला, वाट साफ दिसली, गेला तिकडंच!

हसा, हसा! तुमचा इवाई नाई हरपला! त्या अंगाले अस्वलं हायेत, वाघाचा बी भरवसा नाई. अन् लोकं का म्हणतीन? सोमाजी पोरीले आणाले निघाला अन् तिच्या सासऱ्याले जंगलात टाकून आला! मंग पाठवते का कोणी पोट्टी? जन्मात नाई! चाकाचा वण धरून बोंबलत सुटलो, "भाऊऽऽऽ! ओ भाऊऽऽऽ!" वानरं पळाली, इवाई नाई सापडले. कोणत्या देवाले नवस बोलून राह्यलो, मलेच ठाऊक नाई.

वाट एका गोंडपाड्यात निघाली. अन् पाह्यतो तं का... चिंचेखाली बाज, बाजेवर इवाई! पाय पाण्याच्या घमेल्यात, हातात आंबिलीचा वाडगा, अन् पाड्यातली सोनीबाई नावाची म्हातारी पदरात तोंड खुपसून त्यायची चड्डी पाहून हसून राह्यली. मले म्हणतात, "या सोमाजीभाऊ! कुठं राहिले होते?"

मी राह्यलो होतो?! तिथं माझं डोकं फिरलं. म्हटलं, जाऊ द्या, गेली पोरीची बाजू चुलीत! "अहो भाऊ, लाज हाय का तुम्हाले? माझी पोट्टी तिकडं पोटुशी, इकडं तिची माय रोज दाराकडं पाह्यते, अन् तुम्ही मले गोटे दाखवून राह्यले? साखर तोडली, पाय तोडले, आता जीव घेता का? एक शब्द सांगा, पाठवता का नाई!" सारा पाडा गोळा झाला. सोनीबाई बी त्यायच्याकडं डोळे वटारून म्हणते, "काऊन गा, पोट्टीले मायजवळ नाई धाडत?"

इवाईनं वाडगा खाली ठेवला. म्हणतात, "पाठवतो म्हणजे? तिची बॅग कधीची भरून तयार आहे हो. तिनंच सांगितलं, लवकर हो म्हणू नका." अन् मोबाईल काढला, त्यात भरून ठेवलेला निरोप लावला अन् माझ्या कानाले धरला. आतमंधी आवाज... माझ्या साधनाचा! "मामाजी, बाबाची शुगर भलती वाढली हाय. डॉक्टर चाला म्हणते, आई म्हणते, मी म्हणते, ऐकतच नाईत. तुम्ही म्हणसान तं नाई म्हणाची हिंमत नाई त्यायची. पोरीकडचे हायेत ना! माझं लेकरू त्यायनं पाहाले पाह्यजे, मामाजी."

बाजूले पाण्याची घागर होती, तोंड धुऊन घेतलं. इवाई गुडघे चोळत म्हणतात, "माझे गुडघे कधीच गेले हो, सोमाजीभाऊ. मला कुठं शौक आहे टेकड्यांचा? सुनेनं सांगितलं. मलाही बोलता येत नाही!"

इवाई बसनं गेले. साधना आली. आता आमच्या ओट्यावर पोट सांभाळत बसून राह्यते, अन् सकाळी उजाडलं का बोट दाखवते, टेकडीकडं. अन् सायकल? ते गेरवाली इथीच हाय, इवाई ठेवून गेले, माझ्यासाठी. चड्डी बी ठेवून गेले! माझंच घर, माझीच पोट्टी, इवाई तं गेला नागपूरले... तरी बोलता येते का? नाई. चला, सरका जरा, ऊन व्हायच्या आत चढून येतो.