ला व्हेर्नादचा पुढचा कोण?

...नाही, पण मला सांगा, पॅरिसच्या खुर्चीत पुढचा कोण बसणार याची काळजी आमच्या ला व्हेर्नादने का वाहायची? गावात माणसं किती, तर कुत्री धरून दोनशे! डॉक्टर गेला, पाववाला गेला, शाळेला कुलूप... पण सकाळी सोलांजच्या कॅफेत पाऊल टाका, विषय एकच. पुढचा कोण?

तुम्हाला सांगतो, तो फिर्मँ, धंदा छपरं शाकारायचा, स्वतःचं छप्पर गळतंय ते त्याला दिसत नाही, पण राष्ट्राध्यक्षाच्या पोटातलं बरोबर दिसतं. मी गावचा मेयर ना, मला म्हणतो, ‘लिहून ठेवा मेयर, हा जाणार, पंतप्रधान मधेच लटकणार, आणि येणार तिसराच.’ अरे, कोण तिसरा? ‘ते वेळ आली की कळेल.’ झालं!

त्यात आमचा इंग्रज, डेस्मंड. निवृत्त होऊन इथं घर घेतलंय त्याने. तो म्हणतो, ‘तुमचं बरंय हो, तुमचा पाच वर्षं टिकतो तरी. आमच्याकडे पंतप्रधानाने पडदे शिवायला टाकले की ते शिवून येईतो दुसराच आत.’ मग सगळे खो खो हसणार, आणि लंडनात पुढचा कोण यावर आणखी एक फेरी. वाइनचीसुद्धा.

आणि मी कोपऱ्यात, गोळी गिळत. कारण लिमोज शहरातल्या डॉक्टरीणबाईंनी माझं हृदय तपासून स्वच्छ सांगितलंय, ‘मेयर, तो मेयरकीचा तिरंगी पट्टा उतरवा, नाहीतर पट्ट्यासकट जाल.’ उतरवतो हो बाई, पण घालू कुणाच्या गळ्यात?

म्हणून एक दिवस उठलो आणि म्हणालो, मंडळी, मार्चात गावची निवडणूक आहे, मी उभा राहणार नाही. बोला, पुढचा कोण?

सोलांज कोरडाच पेला पुसायला लागली. फिर्मँ म्हणाला, ‘मेयर, माझे गुडघे...’ अरे, मी काय गुडघ्यांशिवाय आलोय? ‘तसं नव्हे, बायको सोडणार नाही.’ तुझी बायको? ती बिचारी मला रोज विचारते, ह्याला घेऊन जाता का कुठं!

एकच हात वर आला. डेस्मंडचा. तुंबलेली गटारं काढणारा तोच, म्हाताऱ्यांना गाडीत घालून इस्पितळात नेणारा तोच. पूर्वी आमच्या पंचायतीवर होता. मग त्याचा देश युरोपीय संघातून बाहेर पडला आणि याचं पद तर गेलंच, इथलं मतसुद्धा गेलं. ते त्याला सांगायला मीच गेलो होतो, त्याने उलट मलाच चहा पाजला. हात वर धरून बसला क्षणभर, मग खाली घेतला, म्हणाला, ‘माफ करा, सवयीने गेला.’ वाईट वाटलं हो. फार वाईट वाटलं.

शेवटच्या दिवसापर्यंत एक अर्ज नाही. मी कचेरीत राष्ट्राध्यक्षाच्या फोटोखाली बसून. फोटो बदलतात, खिळा तोच आणि धूळ झटकणाराही तोच. जिल्ह्याहून फोन, ‘कुणीच नाही? मग गाव शेजारच्या गावात घालावं लागेल.’ झक मारत भरला स्वतःचाच अर्ज. कॅफेत टाळ्या! ‘मेयर आहेत म्हणून गाव आहे!’ पेले भिडले, आणि लगेच... बरं, पॅरिसला पुढचा कोण?

आता आमच्याकडचा कायदा असा, मेयरची सही झाल्याशिवाय मेलेल्या माणसाला मातीत घालता येत नाही. उपमेयर सही करू शकतो, पण आमचा उपमेयर गेल्या हिवाळ्यात वारला, त्याच्या कागदावर सही माझीच, आणि त्याच्याही जागी कुणी यायला तयार नाही. परवा कचेरीचा जिना चढताना छातीत कळ आली. कठडा धरून उभा राहिलो. तुम्हाला सांगतो, देव आठवला नाही, बायको आठवली नाही, मनात स्वतःला एवढंच विचारलं, लुसियाँ, तुझ्या कागदावर सही कोण करणार?

मग काय करता... चढलो उरलेल्या पायऱ्या.