लग्नाचं अक्षर

माझं माहेर निर्णा, आणि दिलं हुमनाबादला, म्हणजे लांब न्हाईच, पण त्या वक्ताला लांबच वाटायचं. राज नुकतंच बदललं व्हतं, आमी हैदराबादचे व्हतो ते म्हैसूरचे झालो, आणि धम्म बी त्याच सुमाराला घरात आला, तर सासू म्हणायची समदं एकदाच बदललं, भाकर तेवढी तीच ऱ्हायली. आमचे हे सुतारकी शिकलेले, पण छापखान्याच्या मालकांनी, अप्पांनी, त्यांना लाकडाची अक्षरं कोरायला ठिवलं, कामून तर शिशाची अक्षरं बारकी, आणि लोकांना पत्रिकेवर नवरा-नवरीचं नाव मोठं पाहिजे असायचं.

काय सांगू तुम्हाला, त्या माणसाला अक्षराचं येड. एक विलायती औषधाचा डबा व्हता, त्याच्यावर इंग्रजी अक्षरं. तो दिव्याजवळ धरून मला म्हणायचे हे बघ, ह्यांचं अक्षर पाय टेकून हुबं ऱ्हातंय, आपलं वरच्या रेघेला लोंबतंय, दोरीवरच्या धुण्यावाणी, त्याला बी पाय दिले तर कसं दिसंल. मी म्हणायची बिनपायाचं वाचता येत न्हाई का. हसायचे नुसते. मग उभी काठी जाड ठिवली, वळणं केसावाणी बारीक, आणि काठी खाली टेकती तिथं दोन्हीकडं जराशी पसरलेली, चिमणी बसल्यावाणी. एकेक अक्षर शिसवीत कोरायचे, बोटानं चाचपायचे, पसंत पडलं न्हाई का चुलीत. किती चहा केला मी त्या अक्षरांवर.

अप्पा म्हणले हे कुस्तीच्या न् नाटकाच्या कागदावर नको, हे लग्नाला ठिवा. तसंच झालं. मन्नाएखेळ्ळीपासून भालकीपर्यंत पत्रिका जायच्या, हिंदूंच्या जायच्या, आमच्या बी जायच्या, आणि ज्याला वाचता येत न्हाई तो बी अक्षराकडं बघूनच म्हणायचा, कुणाचं लगीन हाय.

आमची थोरली सुजाता. स्थळं बघायलो व्हतो तिला. ताप आला, उतरंना, बिदरला दवाखान्यात नेली, तिथंच गेली. मी रडले का न्हाई ते मला आठवत न्हाई. रडले असंल.

पुण्यानुमोदनाचा, म्हणजे आमच्यात गेलेल्या माणसाचा कार्यक्रम असतोय त्याचा, कागद ह्यांनी स्वतः जुळवला. तिचं नाव त्याच अक्षरात, मोठं. मी म्हणलं कामून हेच, साधं लावा की. तर म्हणले, तिचा दुसरा कागद निघायचा हाय का आता. अप्पांनी कागद मापून दिला. छापला.

तर आळंदच्या पलीकडं ह्यांची आत्या ऱ्हायची, म्हातारी, एकटी, वाचता येत न्हाई. कागद हातात पडला, नाव तसलं मोठं, तिनं टपालवाल्याला तारीख तेवढी विचारली, बाकी वाचून घेतलंच न्हाई, लगीनच समजली. कार्यक्रमाच्या दिवशी सकाळी एस्टीनं उतरली, नवं लुगडं, हातात हिरवा चुडा न् खण. दारातूनच म्हणली, नवरी कुटं हाय गं, हळद लागली का. अंगणात बसलेली माणसं खाली बघाय लागली. मी तांब्या भरून पाणी दिलं, ती पिली, मग मी सांगितलं. तिनं चुडा माझ्या मांडीवर ठिवला आणि म्हणली, अक्षरानं फसवलं गं मला. हे आत व्हते. त्यांनी ऐकलं.

दुसऱ्या दिवसापासून कोरणं बंद. अप्पांना म्हणले, मी आता फळ्या रंधतो, अक्षर नको. तेवढ्यात घर चालतंय व्हय, मग मी छापखान्यात जाय लागले. अक्षरं पुसायची, पेटीच्या खणात लावायची, पुढं पुढं जुळवायला बी शिकले. ह्यांचीच अक्षरं माझ्या हातात, आणि रोज दुसऱ्यांच्या पोरींची नावं.

एकदा मन्नाएखेळ्ळीची पत्रिका आली, नवरी सुजाता. अप्पा म्हणले, अक्का, ऱ्हाऊ द्या, मी लावतो. मी म्हणलं लावलं की. खरंच लावलं व्हतं. छातीत काय बी झालं न्हाई, काय तरी व्हईल म्हणून मी जरा थांबले सुदिक. पहिला कागद निघाला तो ह्यांना दाखवला. लई वेळ बघितलं, आणि म्हणले, कान्याचा पाय झिजलाय. एवढंच. घरी आले, हत्यारं काढली, तेवढा एक काना नवा कोरला, दुसऱ्या दिवशी आणून दिला आणि परत रंधा धरला. त्या पोरीच्या पत्रिकेवर तोच गेला. लई चांगला उठला व्हता.

मग नवी मशीन आली, अक्षरं पोत्यात गेली, अप्पांच्या गोदामात वाळवी लागली म्हणत्यात. मी बघायला गेले न्हाई. हे जाऊन दोन उन्हाळे झाले. बारका ल्योक बिदरजवळ कोळारला कारखान्यात हाय, त्याच्याकडं ऱ्हाती. सून चांगली हाय. गुडघे दुखत्यात, आणखी काय. लोक विचारत्यात वाईट वाटतंय का, तर काय सांगावं, वाटत बी न्हाई आणि न वाटल्यावाणी बी न्हाई.

तुमची लेकरं नांदती ऱ्हाऊ द्या. बसा जरा, तवा ठिवलाय, भाकर खाऊन जावा.