सतरा, अठरा... वीस!

...आणि वरची पोरगी उलट मलाच म्हणते, ‘काकू, जरा मोठ्याने मोजा!’ अहो, मी भांडायला गेले होते! रोज सकाळी सहाला डोक्यावर धप्प... धप्प... बशीत कप नाचतो! आता वरच्या घरात कोण काय आपटतंय, आपल्याला काय करायचंय? पण दार उघडं दिसलं, म्हणून डोकावले. तर ही पोरगी उताणी पडून दोन हातांनी डंबेल्स वर नेतेय, धप्पकन टाकतेय, की लगेच पालथी होऊन पुश-अप्स! फायर ब्रिगेडची भरती होती ना, सलग पंचवीस हवेत, आणि हिचं गाडं सतरावर अडलेलं. फोनवर तिचा कोच ओरडत होता (मी कान नाही लावला हं, आपोआप ऐकू आलं), ‘नुसते पुश-अप्स मारून भागणार नाही! जोडीला वजनं उचल, दंडात ताकद येऊ दे!’

मग काय, बसले मोजायला. तुम्हाला सांगते, सतराव्याला तिचे हात लटलट कापायला लागले, तोंड लालबुंद... तुम्ही काय केलं असतं? मी म्हटलं, ‘सतरा, अठरा... वीस!’ एकच आकडा गाळला हो! पुढच्या आठवड्यात दोन. मग चार. महिन्याभरात बाईसाहेबांचे ‘पंचवीस’ झाले, आईला फोन, ‘आई, जमलं गं!’ आणि इकडे मला एकटीलाच ठाऊक... खरे एकवीसच! सांगावं तर पोरीचा धीर जाणार, न सांगावं तर मैदानात तोंडघशी पडणार... आमचे हे म्हणाले, ‘तुला कोणी सांगितलं होतं?’ अहो, तेच तर म्हणते मी, आपल्याला काय करायचंय!

भरतीच्या दिवशी मी सकाळपासून दारातच उभी. दुपारी धाडधाड जिना चढत आली, ‘काकू, सव्वीस!’ मी म्हटलं, सव्वीस? कसे?

‘अहो, तुम्ही आकडे गाळता ते मला पहिल्याच दिवशी कळलं. तुम्ही गेलात की मी परत वजनं उचलायचे, राहिलेले पुश-अप्स मारायचे.’

‘मग बोलली का नाहीस गं?’

‘तुम्ही इतक्या मायेने खोटं बोलत होतात, काकू...’

डोळेच भरून आले माझे. तेवढ्यात म्हणते कशी, ‘आता पुढची चाचणी. साठ किलोचं माणूस खांद्यावर घेऊन तीन जिने चढायचे. तुमचं वजन किती हो?’

आता एवढ्या आशेने विचारल्यावर काय करणार? म्हटलं, ‘अठ्ठावन्न.’

उद्या सहाला बोलावलंय... अडुसष्ट आहे हो!