आधी ताट, मग ओरडा

सन्माननीय अध्यक्ष महोदय, विद्यार्थी देवाणघेवाण मंडळाचे आदरणीय सदस्य, व्यासपीठावर अवघडून बसलेलं आजचं सत्कारमूर्ती दांपत्य, परदेशाहून मुद्दाम आलेल्या न्यायाधीशबाई, आणि समोर दाटीवाटीनं बसलेली आमची अख्खी गल्ली, सर्वांना सविनय नमस्कार.

मला थोडक्यात बोलायला सांगितलंय. वाचनालय चालवणाऱ्या माणसाकडून अशी अपेक्षा ठेवणं हा मंडळाचा भाबडेपणा आहे, पण प्रयत्न करतो.

हार गळ्यात पडताना ज्यांनी "कशाला हे सोंग?" असं मला दरडावलं, त्या आमच्या लाँड्रीवाल्या काकू. शेजारी काका. खाली लाँड्री, वर घर. काकू धुतात, काका इस्त्री करतात. वरच्या खोलीच्या खिडकीबाहेर सदा चादरी वाळत असतात, म्हणून त्या खोलीत दिवसभर पांढरा, मऊ उजेड असतो. त्या उजेडात काकूंची धाकटी अभ्यास करते, आणि दरवर्षी तिच्या शेजारच्या पलंगावर परक्या देशातून आलेलं एक लेकरू राहतं.

या घराचे कायदे दोनच. पाहुणा पहिल्या जेवणापुरता. दुसऱ्या जेवणाला आपलं ताट आपण घ्यायचं आणि चादर पिळायला दुसरं टोक धरायचं. दुसरा कायदा त्याहून कडक. उपाशी माणसाला रागवायचं नाही. काकांशी भांडायचं असलं तरी काकू आधी वाढतात. काका तर म्हणतात, "ताटात जास्त वाढलं की मला धडकीच भरते."

यंदा आली ती ही पहिल्या रांगेतली उंच मुलगी. चादरी वाळत घातलेल्या प्रत्येक दोरीला तिचं डोकं लागायचं, म्हणून गल्लीनं तिचं नाव जिराफ ठेवलं. जिराफ म्हटलं की ती ओ देते. लाजू नकोस बाळ, उंची ही काही लपवायची गोष्ट नाही.

एके दिवशी ही शाळेतून परस्पर मैत्रिणींबरोबर तळ्यावर गेली. फोन बंद पडला. दिवेलागण झाली, पत्ता नाही. धाकटी शाळेकडे धावली, काकू चौकात. मी सायकल काढली. आणि काका, ज्यांच्या हातून जन्मात शर्ट जळला नव्हता, ते गरम इस्त्री शर्टावर तशीच ठेवून रस्त्यावर आले. तो शर्ट, अध्यक्ष महोदय, आपला होता. हरवला असं आपल्याला सांगण्यात आलं. आज सत्य बाहेर येतंय, त्याचं स्वागत करावं.

जिराफबाई आल्या हसत. काकूंनी काही विचारलं नाही. हात धुवायला लावले, गरमागरम वाढलं, शेवटचा घास जाईपर्यंत हवं-नको पाहिलं. आणि मग तोंड सोडलं! "पाय मोडले होते का एक फोन करायला? तळ्यात पडली असतीस तर तुझ्या आईला कुठल्या तोंडानं सांगितलं असतं?" समोरच्या न्हाव्यानं गिऱ्हाइकाच्या गालावरचा वस्तरा बाजूला घेतला, इतका आवाज!

दुसऱ्या दिवशी पोरीनं हे सगळं आईला फोनवर हसत सांगितलं. आई हसली नाही. आई आहे न्यायाधीश. परक्या घरात आपली मुलगी गल्लीभर ऐकू जाईल असा ओरडा खाते, म्हटल्यावर कुठली आई हसेल? तक्रार आली. मंडळानं नियमावर बोट ठेवलं: यजमानांनी चढ्या आवाजात बोलू नये. ठरलं की मुलीला बागबगीचा असलेल्या एका बंगल्यात हलवायचं आणि काकूंचं घर यादीतून कायमचं काढायचं. काकूंनी ऐकलं आणि म्हणाल्या, "नेताय तर न्या. पण हिला सकाळी तीनदा उठवावं लागतं, तेवढं त्यांना सांगा." आणि पाठ फिरवून धुतलेल्या चादरी पुन्हा धुवायला घेतल्या.

मंडळींनो, मी विचारतो, आपण परक्याशी गोड का बोलतो? कारण तो उद्या जाणार असतो! त्याचं बरंवाईट आपल्या दारात येणार नसतं. गोड बोलणं स्वस्त आहे हो. ज्याच्या उशिरा येण्यानं तुमचा जीव टांगणीला लागतो, त्याच्यावरच तुमचा आवाज चढतो. ज्याला रागवायची आपली छाती होत नाही, तो दहा वर्षं घरात राहिला तरी परकाच! हे सगळं मी मंडळानं शेवटची म्हणून ठेवलेल्या सुनावणीत मांडणार होतो. तासभराचं भाषण तयार होतं. अध्यक्षांनी मला पहिल्याच वाक्याला खाली बसवलं. (हसा, हसा.)

त्या सुनावणीला आई स्वतः आली. लेकीला घेऊन जायच्या तयारीनं, थेट विमानतळावरून. काकूंना त्यांची भाषा येत नाही. मध्ये दुभाषी जिराफ. काकूंनी बाईंकडे एकदा नीट पाहिलं आणि सुरुवात केली, "एवढ्या लांबून आलात, काही खाल्लंय का? चेहरा बघा कसा झालाय." बाई थबकल्या. मानेनंच नाही म्हणाल्या. "मग आधी जेवा. मला तुम्हाला बरंच बोलायचंय."

मुलीनं पहिलं वाक्य सांगितलं, दुसरं गिळलं. आई न्यायाधीश, साक्षीदार काय गिळतो ते तिला कळतं. "पूर्ण सांग," ती म्हणाली. पोरीनं सांगितलं. आईनं विचारलं, "त्या दिवशी हिनं तुलाही आधी जेवायला घातलं होतं?"

"हो."

"आणि तू जेवत होतीस तेव्हा ही काय करत होती?"

पोरीनं एकदा काकूंकडे पाहिलं. मग म्हणाली, "रडत होती. मला दिसू नये म्हणून पाण्याचा तांब्या सारखा भरत होती."

न्यायाधीशबाईंनी तक्रार तिथल्या तिथं मागे घेतली, आणि आम्ही सगळे उठून काकूंकडे जेवायला गेलो. जेवणानंतर काकूंनी बाईंना जे सुनावलं, सोळा वर्षांच्या मुलीला साधी चादर पिळता येत नाही इथपासून, ते मी इथे सांगत नाही. बाईंनी ते मान खाली घालून ऐकलं आणि शेवटी पुन्हा वाढून मागितलं.

मंडळानं तो नियम काढून टाकला. यादीत काकूंचं घर पहिल्या क्रमांकावर आलं. ज्या अध्यक्षांनी ते काढायच्या कागदावर सही केली होती, त्यांनीच आज स्वतःच्या हातानं हार घातला. याला मोठं मन लागतं, आणि ते त्यांनी दाखवलं. टाळ्या त्यांच्यासाठीही वाजवा!

आता शेवटचं. जिराफ उद्या घरी जातेय, पण एकटी नाही. बाईंनी विचारलं, "तुमची धाकटी वर्षभर माझ्याकडे शिकायला पाठवाल?" काका लगेच हो म्हणाले. काकू चादरीची घडी घालू लागल्या. पोटची पोर, समुद्रापलीकडे, कधी न पाहिलेल्या घरात. घडी बाजूला ठेवून म्हणाल्या, "एका अटीवर. चुकली तर रागावणार असाल, तरच पाठवते."

बाईंनी काकूंचे दोन्ही हात धरून शब्द दिला.

व्यासपीठाचे, मंडळाचे, आणि माझ्यासाठी चहा थंड होऊ देणाऱ्या आपणा सर्वांचे मनापासून आभार. ओघात कुणाचा मान राखायचा राहिला असेल, जीभ कुठे सैल सुटली असेल, तर या म्हाताऱ्याला क्षमा असावी. मुलींनो, दोघी इकडे वर या. आणि मंडळी, तुम्ही जागेवरून उठा. या दोन्ही आयांसमोर आज कुणी बसून राहायचं नाही!