तिसरं कडवं

आई : हात वर कर, अजून. बोला साहेब. टाचण्या माझ्या हातात आहेत, तुमच्या तोंडात नाहीत.

आयोजक : काकू, मी एवढंच म्हणतोय, उद्याच्या कार्यक्रमात त्या गाण्याचं तिसरं कडवं गाळू या. बाकी मॅडमचं सगळं रॅप जसंच्या तसं.

लेक : बारा वर्षं मी प्रत्येक कार्यक्रम याच गाण्यावर संपवते. ते कडवं गेलं तर गाण्यात उरलं काय?

आयोजक : ठेका आहे की. लोक नाचतात त्यावर.

आई : सरळ उभी राहा, बाही वाकडी जाईल. कडव्यात खुपतंय काय साहेब?

आयोजक : ते... एलजीबीटीचं.

आई : माझी शाळा चौथीत सुटली. एवढी अक्षरं एका दमात येत नाहीत मला. साधं बोला.

आयोजक : म्हणजे पुरुषावर जीव असलेला पुरुष, बाईवर जीव असलेली बाई, तसं. माझं काही नाही हो. पण उद्या घरंदाज कुटुंबं येणार.

आई : आणि आम्ही काय उकिरड्यावर उगवलो? घरच्यांनी हाकललेली किती पोरं-पोरी हिने या दुकानाच्या माळ्यावर ठेवून घेतली. तेव्हा हिला कुत्रं ओळखत नव्हतं.

लेक : आई, टोचलं.

आई : टोचू दे.

आयोजक : खरी अडचण त्यातल्या आईची आहे, काकू. ती बाई दुकानात काजं करणाऱ्या माणसाला गिऱ्हाइकांदेखत ‘बायल्या’ म्हणते. तो सुई ठेवून निघून जातो. मग मुलगी म्हणते, ‘आई, जिभेला काज पाड, वरून बटण लाव.’ समोर बसलेल्या आयांना काय वाटेल? कुठली आई असं वागते?

आई : मी.

आयोजक : काय?

आई : मी वागले. याच दुकानात, त्या आरशापाशी.

आयोजक : मला वाटलं, मॅडमनी कल्पनेनं लिहिलंय.

आई : पंधरा वर्षांच्या पोरीला कसली कल्पना. आठ दिवस अबोला धरला, नवव्या दिवशी भर गल्लीत उभी राहून हे म्हणाली. सगळी गल्ली हसली. मी मोजपट्टी घेऊन मागे धावले.

लेक : दोनदा.

आई : दोनदा. तिसऱ्यांदा त्याच्या दारात गेले, त्याला परत आणायला. हात लावून बघा या जॅकेटच्या काजांना. त्याचीच आहेत. आत बसून ऐकतोय सगळं, हसत असेल मेला.

आयोजक : मग तर गाळलेलंच बरं ना. तुमचीच लाज झाकली जाईल.

आई : मी कपडे शिवते साहेब, लाज झाकायला. ही लाज उघडी राहू दे.

लेक : कडवं नसेल तर मीही नाही. दुसरं कुणी बघा.

आयोजक : मॅडम, तुमच्या नावावर सगळी तिकिटं गेलीत. वर काय सांगू मी?

आई : सांगा, जिची बदनामी होते त्या बाईला विचारून आलो. तिची हरकत नाही. उद्या ती पहिल्या रांगेत बसणार आहे, काजवाल्याला शेजारी घेऊन.

आयोजक : ...बरं. तसंच सांगतो. राहू दे कडवं.

(आयोजक जातो.)

लेक : पहिल्या रांगेत? बारा वर्षांत एकदा तरी आलीस का माझ्या कार्यक्रमाला?

आई : मान वर कर. गळ्याचं बटण मोकळं ठेव उद्या. तिसऱ्या कडव्याला तुझा श्वास अपुरा पडतो, शेवटच्या रांगेतही कळतं.