लॉजमधले जुने ग्रंथ

अहो, बंधुभावाचं मला नका सांगू! नव्वदच्या दशकात मी इंदापूरला गुरांचा डॉक्टर होतो. बारामतीत तेव्हा मोठमोठ्या लोकांचं एक लॉज होतं. राहायचं-जेवायचं नव्हे, एकमेकांना बंधू मानायची शपथ घेणाऱ्यांचं. एका मित्रानं तिथं माझं नाव सुचवलं. नव्या माणसानं आधी त्यांचे जुने ग्रंथ वाचायचे, मग तोंडी परीक्षा, मग शपथ.

दवाखान्यात गर्दी नसली की मी वाचत बसायचो. खरं सांगतो, भारावून गेलो. माणूस त्याच्या वागण्यावरून ओळखावा, त्याचं कूळ विचारू नये, असं त्यांत जागोजागी होतं.

परीक्षेला समोर अध्यक्ष दिनकरराव, मोठे ऊस बागायतदार; भोवती बाकीचे बंधू, त्यांत माझा मित्रही. ग्रंथातलं एक अक्षरही त्यांनी विचारलं नाही.

"डॉक्टर, तुमी निरवांगीचे न्हवं? गावात घर कुठल्या बाजूला हाय तुमचं?"

जात काढायची ही आपल्याकडची सभ्य रीत! माझं डोकंच फिरलं.

"बौद्ध आहे मी. सरळ विचारायचं की! पण दिनकरराव, असलं काही विचारू नये, हे तुमच्याच ग्रंथात लिहिलंय."

ते आरामात हसले. "आवो, ते ग्रंथ नव्या लोकांनी वाचायचे असत्यात. आमी जुने हाय."

सगळ्यांनी माना डोलावल्या. माझ्या मित्रानंसुद्धा!

मी ग्रंथ त्यांच्यापुढं ठेवले. म्हणालो, "मग दिनकरराव, आधी तुम्ही नवे व्हा. शपथ घ्यायला मी नंतर येतो."